पुलापाशी उभे असलेले पाक मार्सुदी

पाक मार्सुदी पहिल्यांदा माझ्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मला वाटलं झेरॉक्स काढायला आलेत. त्या वयाचा माणूस नेटच्या दुकानात दुसऱ्या कशाला येणार? शर्टावर बांबूचा भुस्सा, टोपी हातात, चपला बाहेर ओळीत लावलेल्या.

"बू, मला 'हजार डोंगर' खेळायचाय," ते म्हणाले. आमच्याकडं मोठ्या बाईला बू म्हणतात आणि मोठ्या माणसाला पाक.

"नातवाला पाठवा," मी म्हटलं.

"नातू नाहीये, बू. मलाच खेळायचाय."

घ्या! मी नूडल्सच्या पातेल्यावरचं झाकण तसंच हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिले. थट्टा करत असतील म्हणून थोडी वाट पाहिली, पण तो माणूस थट्टा करणाऱ्यातला नव्हता. मग म्हटलं बसा, पैसे काय पोराचे आणि म्हाताऱ्याचे वेगळे असतात?

दुकानाचं सांगते. आमच्या तेमांगुंग गावच्या बाजारामागं, सुतारांच्या गल्लीत आहे ते. माझ्या नवऱ्यानं काढलं तेव्हा शाळा सुटली की पोरं दप्तरासकट येऊन पडायची, चटईवर जागेसाठी मारामाऱ्या व्हायच्या. प्रत्येक खणाला कमरेएवढी प्लायवूडची भिंत, खाली चटई, बुटक्या स्टुलावर कॉम्प्युटर. पुढं सगळ्यांच्या हातात फोन आले. नवरा गेला, गिऱ्हाईक गेलं, आणि ही डबडी तेवढी माझ्या गळ्यात राहिली. आता मी नूडल्सवर अंडं फोडते, बर्फाचा चहा करते, शाळेचे दाखले छापून देते. दुपारी तर माशा मारत बसायचं.

पाक मार्सुदी तंबाखूच्या टोपल्या विणायचे. आमच्याकडं तंबाखू कापून वाळवली की केळीच्या वाळक्या सोपटांचं अस्तर लावलेल्या मोठ्या टोपल्यांत भरून ती कारखान्यात जाते. हंगामात टोपलीवाल्याला जेवायला फुरसत नसते, आणि हंगाम सरला की त्याला कुत्रं विचारत नाही. बायको मलेशियात घरकामाला गेली ती तिकडचीच झाली, दुसरं लग्न करून बसली. मुलगी बाताम बेटावरच्या कारखान्यात, ईदच्या ईदला फोन. आणि हे विटांच्या भट्टीमागं एका भाड्याच्या खोलीत. इतकी वर्षं या गावात काढली, पण मी त्यांना कधी कुणाबरोबर चालताना पाहिलं नाही. मशिदीतून परततानासुद्धा ते घोळक्याच्या मागून चालायचे, चार पावलं सोडून.

आता हा माणूस खेळतो तरी काय, म्हणून मी पदराला हात पुसत मागं जाऊन उभी राहिले. तर बाकी पोरं येता-जाता तलवारी फिरवतात, घोडे उधळतात, आणि हे आपले एक हडकुळा म्हातारा तयार करून बसलेले. नाकापर्यंत ओढलेली बांबूची टोपी, कमरेला एक कोयता. बस.

"हा कोण भिकारी?" मी विचारलं.

ते जरासे लाजले. "की पारांग."

अगंबाई! की पारांग म्हटल्यावर मी मटकन खालीच बसले. आमच्या वयाच्या माणसाला ते नाव वेगळं सांगायला नको. संध्याकाळची रेडिओवरची मालिका! अख्ख्या वस्तीत एक रेडिओ, गावप्रमुखाच्या ओट्यावर ठेवलेला, आणि आम्ही सगळी पोरं चटईवर एकमेकांच्या मांडीत. की पारांग म्हणजे राक्षसांचा शिकारी. पण लगेच कोयता उपसणारा नव्हे. राक्षसापुढं जाऊन बसायचा आणि विचारायचा, 'बाबा रे, तुझं काय हरवलंय?' निम्म्या वेळा गावकऱ्यांनीच काहीतरी घाण करून ठेवलेली असायची, राक्षसाच्या झाडावर कुऱ्हाड चालवलेली असायची. उरलेल्या निम्म्या वेळा मात्र कोयता चालायचा, आणि माझी धाकटी बहीण माझ्या कुशीत तोंड खुपसायची. मोबदल्यात भात घ्यायचा, पैसा नाही. आणि खरं नाव त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. 'की' म्हणजे बुवा आणि 'पारांग' म्हणजे कोयता, ते लोकांनी ठेवलेलं नाव.

"त्याचा चेहरा कसा ते कुणाला माहीत?" पाक मार्सुदी म्हणाले. "आपण नुसता आवाज ऐकलाय. म्हणून टोपी ओढलीय."

त्यानंतर ते रोज दुपारी यायला लागले. कोपऱ्यातला खण त्यांचा. आणि त्यांचे नियम तरी किती! घोड्यावर बसायचं नाही, कारण की पारांग चालत जायचा. या खेळात जादूच्या कमानी आहेत, एकीत शिरलं की क्षणात दुसऱ्या डोंगरावर; त्या वापरायच्या नाहीत. मेलेल्याच्या खिशात हात घालायचा नाही. राक्षस दिसला की आधी त्याच्यापुढं बसायचं. खेळातला राक्षस कसला बोलतोय? तो यांना चिरडायचा. हे मरायचे, गावातून पुन्हा निघायचे, चालत चालत यायचे, आणि पुन्हा त्याच्यापुढं बसायचे.

"अहो, मारा की त्याला!" मी ओरडायचे. पातेल्यातलं पाणी उतू जायचं माझं.

"आधी विचारायला हवं, बू."

"तो काय उत्तर देणारे? तो मशीनचा आहे."

"त्याचं त्याच्यापाशी. आपण विचारावं."

पालथ्या घड्यावर पाणी. मी नूडल्स ढवळायला निघून जायचे.

पुढं त्यांना एक पूल सापडला. नवीन माणूस या खेळात शिरला की एका खेड्यात उतरतो, आणि खेड्याबाहेर वेलींचा पूल आहे, अर्धा तुटलेला. पलीकडं जंगल, जंगलात एक भला थोरला राक्षस. नवी पोरं उत्साहात पूल ओलांडायची आणि पलीकडं गेल्या गेल्या मरायची. पाक मार्सुदींना ते बघवेना. ते पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. कुणी आलं की त्याला सांगायचे, पलीकडं काय आहे, पाय कुठं ठेवायचा, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. जो ऐकेल त्याला म्हणायचे, जा, आधी गवती चहा तोडून आण, जखमेवर लागेल, मग मी तुझ्यासंगती येतो. आणि खरंच जायचे. या खेळात देशभरची माणसं एकाच वेळी फिरत असतात, आणि कुणी काही लिहिलं की ते त्याच्या डोक्यावर थोडा वेळ दिसतं, मग पुसलं जातं. पाक मार्सुदी जे लिहायचे ते सगळं आपल्या जुन्या अदबीच्या भाषेत. 'आपण', 'कृपा करून', 'क्षमा असावी'. शिवी नाही, हाहाहा नाही, काही नाही.

माणूस बदलला हो त्यानं. खरंच सांगते. टोपल्यांचा हंगाम नसला की पूर्वी ते भिंतीला टेकून रस्त्याकडं बघत बसलेले दिसायचे. आता दुपारी भरभर चालत यायचे. "आज उशीर झाला, पोरं खोळंबली असतील," म्हणायचे. माझ्या चटईवर बसायचे आणि पाठ ताठ व्हायची. मला वाटायचं, चला, कुणाच्या का कोंबड्यानं उजाडेना.

मग तो गिलांग आला. तंत्रशाळेत शिकणारा पोरगा, त्याचा लॅपटॉप बिघडलेला, म्हणून माझ्याकडं बसायला लागला होता. पाक मार्सुदींच्या पलीकडच्या पलीकडचा खण. मध्ये भिंती, त्यामुळं कोण काय करतंय ते एकमेकांना दिसत नाही. एके दिवशी तो मला हाका मारायला लागला.

"बू रुस्मी, इकडं या! हा पुलावरचा म्हातारा बघा. कसला भारी बनवलाय कंपनीनं!"

"कुठला म्हातारा?"

"हा शिकारी. मशीनचं पात्र आहे, पण बोलतो बघा कसा! काहीही विचारा, उत्तर देतो. आमच्या तंत्रशाळेत सगळे खेळातली कामं याच्याकडूनच घेतात."

मी बर्फाचा चहा पीत होते तो नाकात गेला. खोकता खोकता डोळ्यांतून पाणी. "मशीनचा? अरे गाढवा, तुला कसं कळलं मशीनचा?"

"मग काय माणूस असेल? रोज त्याच वेळी, त्याच जागी. चिडत नाही, शिव्या देत नाही. मी त्याला तलवारीनं मारून बघितलं, तर म्हणतो, 'आपला राग शांत झाला असेल तर पुढचं सांगू का?' इतकं अदबीनं आता फक्त मशीनच बोलतं, बू."

मी तोंड उघडणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या भिंतीवरून एक हात वर आला, मागोमाग डोकं. बोट ओठांवर ठेवून पाक मार्सुदी मला मान हलवून नको म्हणत होते. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे बघा.

पोरगा गेल्यावर मी त्यांच्या खणात जाऊन बसले. "ऐकलंत? तुम्हाला डबडं समजतात ही मेली! उद्या आला की सांगतेच त्याला."

"नको, बू."

"का नको? नाव सांगा की एकदा. 'मी मार्सुदी, तेमांगुंगला टोपल्या विणतो.' संपला विषय."

"की पारांग नाव सांगत नाही." मग ते कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले. "आणि मी सांगून कळलं, तर ते काय कळलं? इतक्या जणांशी रोज बोलतो. त्यातल्या एकाच्या तरी आपणहून लक्षात यावं की इथं कुणीतरी माणूस बसलाय. फक्त एकाच्या. मला दुसरं काही नको."

मी म्हटलं, येईल, येईल. मनात म्हटलं, बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. पण त्या दिवसापासून मलाच चैन पडेना. पडद्यावर कुणी नवीन आलं की मी मागून वाकून बघायचे, हा विचारतोय का? 'आजोबा, तुम्ही कोण?' असं कुणी लिहितंय का? कुणी लिहायचं नाही. 'काम द्या.' 'बक्षीस काय.' 'चला लवकर.' एकदा कुणीतरी विचारलं, 'तुम्ही दमत नाही का?' पाक मार्सुदींचे डोळे चमकले. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, पण दोन बोटांनी लिहिणारा माणूस, तोवर तो निघून गेला होता.

पावसाळ्याच्या शेवटी ते यायचे थांबले. एक दुपार गेली, दुसरी गेली. टोपल्यांचं काम आलं असेल म्हटलं, पण तंबाखू अजून शेतात उभी होती. शेवटी दुकानाला कुलूप लावून भट्टीमागं गेले, तर घरमालकीण म्हणते, "सरकारी दवाखान्यात आहेत की. अंगणात पडले. अर्धं अंग गेलं."

आमच्याकडं कुणी दवाखान्यात पडलं की अख्खी गल्ली जाते. छोटा टेम्पो ठरवतात, बाया मागं उभ्या, हातात केळी आणि पाव, आणि रोग्याच्या खाटेभोवती इतकी गर्दी की नर्स ओरडते. माझा नवरा पडला होता तेव्हा दोन खेपा झाल्या टेम्पोच्या. पाक मार्सुदींसाठी कुणी टेम्पो ठरवला नव्हता. ते ना कुठल्या भिशीत, ना कुठल्या मंडळात. बाजूच्या खाटेपाशी माणसंच माणसं, आणि यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर कुणाची तरी पिशवी ठेवलेली. मी ती पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसले.

तोंड वाकडं झालेलं. उजवा हात चादरीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. शब्द नीट फुटत नव्हता. मला ओळखलं, आणि पहिलं काय विचारलं असेल?

"पुलापाशी... कोण आहे?"

मला इतका राग आला! कुणावर ते माहीत नाही. मुलीचा फोन लागत नव्हता, बायको मलेशियात मजेत, आणि हा माणूस पुलाची काळजी करतोय. "आहे मी," म्हटलं, "तुम्ही पडून राहा."

आणि दुकानात येऊन खरंच बसले त्यांच्या खणात. त्या शेवटच्या दुपारपासून कुणी बंद केला नव्हता, त्यामुळं खेळ त्यांच्याच खात्यावर उघडा होता. टोपीवाला म्हातारा पुलापाशी उभा. भोवती पाचसहा जण घुटमळत होते, 'अरे हा बोलत का नाहीये?' 'बंद पडला का?' मी आयुष्यात खेळ खेळलेला नाही, पण लिहिता येतं मला. लिहिलं: 'हा माणूस आजारी आहे. सरकारी दवाखान्यात आहे, मोगरा वॉर्ड. त्याला बघायला कुणी गेलेलं नाही. जा की कुणीतरी. जाताना केळी तरी न्या.'

मग एकानं लिहिलं, 'नवीन कामगिरी!!!'

आणि धावाधाव सुरू झाली. एकमेकांना निरोप गेले असणार, कारण माणसं येतच राहिली. 'मोगरा वॉर्ड ही कुठली गुहा?' 'केळी दक्षिणेच्या बंदरावर मिळतात, तिथल्या माकडांना मारावं लागतं.' 'किती केळी लागतात?' 'बक्षीस काय आहे?' मी कीबोर्ड बडवत लिहिलं, 'अरे मूर्खांनो, हा खेळ नाही! खरा माणूस आहे! मरायला टेकलाय!' तर एक म्हणतो, 'बापरे, आता रडवणार हा. कंपनीनं काय लिहिलंय!' दुसरा म्हणतो, 'शिव्यापण द्यायला लागला, मस्तच.'

कपाळ माझं! शुद्ध बोललं तर मशीन, शिव्या दिल्या तरी मशीन.

संध्याकाळपर्यंत त्या म्हाताऱ्याच्या पायाशी केळ्यांचा ढीग झाला. घडच्या घड. पोरं येत होती, घड ठेवत होती, आणि बक्षिसाची वाट बघत थांबत होती. टोपी तेवढी वर दिसत होती. मी ते बघत बसले आणि मला रडूच आलं. कुणाच्याच खाटेपाशी एवढी केळी मी आजवर पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. "सगळे आले होते हो," मी सांगितलं. "पुलापाशी उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात केळी. तुम्हाला बघायला."

त्यांचे डोळे भरले. वाकड्या तोंडानं विचारलं, "कळलं... त्यांना?"

"कळलं," मी म्हटलं.

खोटं बोलले. मग? रोग्याच्या उशाशी खरं बोलायला मी काय डॉक्टर आहे? त्या दिवसापासून त्यांनी पेज नीट खाल्ली. नर्स म्हणाली, कालपर्यंत तोंड मिटून घेत होते.

इकडं खेळात वेगळंच रामायण झालं. केळी दिली आणि बक्षीस नाही, म्हणून लोकांनी कंपनीकडं तक्रारी केल्या. पुलावरचा शिकारी बिघडलाय, दुरुस्त करा. कंपनीनं शोधलं असेल, तर असलं पात्र त्यांनी बनवलेलंच नाही! मग त्यांनी काय करावं? हा कोण माणूस आहे, म्हणून एका ओळीची विचारपूस करावी? छे. मी एक दिवस खेळ उघडला तर वर मोठी पाटी: 'आपल्या सर्वांच्या लाडक्या पुलावरच्या शिकाऱ्याला आम्ही आता कायमचं आणलं आहे. त्याच्या कामगिऱ्यांना आजपासून बक्षीस मिळेल.' आणि पुलाच्या तोंडाशी अगदी तसाच एक म्हातारा. तीच टोपी, तोच कोयता, तेच गवती चहाचं बोलणं. यांचा म्हातारा बाजूला केळ्यांत उभा, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद करून टाकला.

पाक मार्सुदी काठी टेकत परत आले तेव्हा गावात तंबाखू वाळत होती. पत्र्याच्या घरांपुढं सगळीकडं वाळवणाच्या बांबूच्या जाळ्या, आणि हवेत तो वास. त्यांच्या टोपल्यांचा हंगाम, पण टोपली विणणारा हात लुळा लोंबत होता. आता भट्टीवाला त्यांना दारात राखणीला बसवतो आणि जेवण देतो, असं म्हणाले. त्यांना खाली बसता येणार नाही म्हणून मी एक कॉम्प्युटर टेबलावर चढवून ठेवला होता, शेजारी हाताची खुर्ची. ते बघून हसले. हसणं अर्ध्याच तोंडात उमटलं.

"आज जरा सगळ्यांचे आभार मानतो," ते म्हणाले. बोलणं जड, पण समजत होतं. "बघायला आले बिचारे."

"नेट बंद आहे," मी म्हटलं.

"दिवा तर हिरवा आहे, बू."

काय करणार? लावून दिलं, आणि स्वतः गॅसपाशी जाऊन पाठ करून उभी राहिले. शेवटी न राहवून वळले. पडद्यावर घोळका होता, आणि घोळक्याच्या मधोमध तो दुसरा. पोरं त्याला काम विचारत होती, तो झटकन उत्तर देत होता, न दमता, एकाच वेळी सगळ्यांना. पाक मार्सुदी एकेक ओळ ओठ हलवत वाचत होते.

"हे माझंच बोलणं आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग ती केळी?"

आता खोटं कुठून आणू? "बक्षीस मिळेल म्हणून आणली होती."

"बरं," ते म्हणाले. काठी शोधली आणि उठून गेले. मी हाक मारली, "पाक, चहा तरी घ्या!" पण त्यांनी मागं वळून बघितलं नाही. त्या कंपनीवाल्याच्या घरात कुणी म्हातारं माणूस नसेल का?

मला वाटलं, आता हे काही येत नाहीत. पण चार दिवसांनी दुपारी काठीचा आवाज आला. खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "मी विचार केला. त्याला माझी टोपी दिलीय, बोलणं दिलंय. नाव नाही दिलेलं. ते त्यांना माहीतच नव्हतं."

"पण तुम्हीच म्हणायचात, की पारांग नाव सांगत नाही."

"की पारांग आता तो आहे, बू. मी मार्सुदी आहे."

मग त्यांनी आपला म्हातारा चालवत नेला आणि त्या दुसऱ्याच्या शेजारी उभा केला. टोपी काढून टाकली त्याची. खाली पांढऱ्या केसांचं साधं डोकं निघालं. आणि डाव्या हाताच्या एका बोटानं लिहायला घेतलं. अक्षर शोधायचं, बोट थरथरत न्यायचं, दाबायचं. शेजारचं दाबलं जायचं, मग पुसायचं. पोरं येत होती, शेजारच्याकडून काम घेऊन जात होती.

"तुम्ही सांगा, मी लिहिते," मी म्हटलं.

"नको. तुम्ही लिहिलंत तर ते तुमचं होईल."

मी त्यांच्या खुर्चीमागं उभी राहिले. गॅसवरचं पाणी आटलं तरी हलले नाही. शेवटी वाक्य पुरं झालं आणि म्हाताऱ्याच्या पांढऱ्या डोक्यावर उमटलं: 'मी माणूस आहे. माझं नाव मार्सुदी. मी तेमांगुंगला राहतो.'

तिघं जण थांबले. खरंच थांबले, वळून बघायला लागले. पाक मार्सुदींनी माझा हात धरला, डाव्या हातानं, घट्ट. मी मनातल्या मनात म्हटलं, या गुस्ती, देवा, एकाला तरी अक्कल दे.

'हा दुसरा कशाला ठेवलाय इथं?' एकानं लिहिलं.

दुसऱ्यानं त्याला दोनचारदा तलवार मारून बघितली. 'काम देत नाही. बक्षीस नाही. नुसतं नाव सांगतो.'

'बिघडलेला असेल. कंपनीला कळवा, काढून टाकतील.'

'कळवलं,' तिसरा म्हणाला, आणि तिघं पूल ओलांडून गेले.

डोक्यावरचं नाव थोडा वेळ राहिलं आणि पुसलं गेलं. पाक मार्सुदींनी माझा हात सोडला, चष्मा शर्टाला पुसून पुन्हा चढवला, आणि पहिलं अक्षर शोधायला लागले.